स्फटिकाची साक्ष कुठवर धरावी?

प्रश्न : मी तयार केलेल्या नव्या संयुगाचे एनएमआर (चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून रचना सुचवणारा) आणि वस्तुमान वर्णपट दोन समघटकांशी, म्हणजे तेच अणू वेगळ्या रीतीने जोडलेल्या दोन रेणूंशी, सारखेच जुळतात. मार्गदर्शक म्हणतात, स्फटिक वाढवून क्ष-किरण स्फटिकशास्त्राने, म्हणजे स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांवरून अणूंच्या जागा ठरवून, खात्री करून घ्या. त्यानंतर रचनेबद्दल शंका उरणार नाही ना?

उत्तर : सल्ला योग्यच आहे, कारण कोणता अणू कोणाला जोडलेला आहे हे इतक्या थेटपणे दाखवणारी दुसरी पद्धत नाही. मात्र उपकरणावर चढतो तो तुम्ही निवडलेला एकच स्फटिक. नमुन्यात थोडीशीच असलेली अशुद्धी सुरेख स्फटिकरूप घेते आणि मुख्य पदार्थ चिकट तेलासारखा राहतो, असेही घडते. सूक्ष्मदर्शकाखाली आपला हात मात्र त्या ०.२ मिलिमीटरच्या स्वच्छ, पारदर्शक कणाकडेच जातो.

दुसरी अडचण अणू ओळखण्याची आहे आणि ती अधिक फसवी आहे. क्ष-किरण विखुरतात ते इलेक्ट्रॉनांमुळे. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ८, नायट्रोजनचे ७, आणि त्याला एक हायड्रोजन जोडला की पुन्हा ८; म्हणून नायट्रोजन-हायड्रोजनचा एनएच गट ऑक्सिजनसारखाच दिसू शकतो. सागरी जीवापासून मिळालेल्या डायझोनामाइड-ए या संयुगाची १९९१ साली स्फटिकाच्या आधारे मांडलेली रचना नेमकी इथेच चुकली होती : एनएच गटाच्या जागी ऑक्सिजन धरला गेला होता. २००१ साली ती रचना प्रयोगशाळेत घडवली गेली, तेव्हा हाती आलेले संयुग नैसर्गिक संयुगाशी जुळेना, आणि चूक उघडकीस आली. संश्लेषण करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनाशी जपावे, असे मला वाटते.

म्हणून आर-मूल्य (मांडलेली रचना आणि मोजमापे यांतील तफावतीचे माप) ५ टक्क्यांखाली आले एवढ्यावर समाधान मानू नका. रचनेच्या चित्रात अणूंची थरथर दाखवणारे लंबगोल नीट पाहा : शेजाऱ्यांच्या मानाने एखादा विनाकारण फुगलेला दिसला, तर तिथे प्रत्यक्षापेक्षा जड अणू धरला गेल्याची शक्यता असते, आणि आक्रसलेला दिसला तर हलका. रेणूची डावी-उजवी घडणही (आरशातल्या दोन प्रतिमांपैकी तो कोणता) ठरवायची असेल आणि त्यात जड अणू नसतील, तर मॉलिब्डेनमऐवजी तांब्यापासून निघणारे क्ष-किरण मागून घ्या.

रचना हाती आल्यावर तिच्यावरून गणिताने काढलेला भुकटीचा विवर्तन-आलेख (भुकटी क्ष-किरण कोणत्या कोनांत किती विखुरते ते दाखवणारा) उरलेल्या संपूर्ण नमुन्याच्या आलेखाशी ताडून पाहा. शक्य असेल तर त्याच खेपेचे वेचलेले स्फटिक विरघळवून त्यांचा एनएमआर पुन्हा घ्या आणि तो मूळ नमुन्याच्या वर्णपटाशेजारी ठेवून पाहा.