जांभ्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, मग आरसीसी स्लॅब पंचवीस वर्षांत का गळतो?

तुम्ही रत्नागिरीत नवं घर बांधताय आणि ते टिकावं म्हणून पैसा कुठे घालावा, असं विचारलंय. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, कामं बहुतेक किनारपट्टीवरची. माझं उत्तर: आधी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि नव्या काँक्रीटवर पाणी मारणं, मग टाइल्स.

जांभ्याच्या भिंतीत गंजायला लोखंडच नसतं. आरसीसीत सळई असते. काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 12 च्या वर असतो तोवर ती सुरक्षित. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो नि पीएच उतरवतो. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ तर त्याआधीच सळई गाठून तिला गंजवू शकतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटतात.

या सगळ्यापासून सळईला वाचवतं ते कव्हर. कार्बन डायऑक्साइड आत मुरण्याची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे कव्हर निम्मं केलंत, तर सळईपर्यंत पोचायला निम्मा नाही, पाव काळ पुरतो! आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे किनाऱ्याच्या हवेत उघड्या काँक्रीटला 45 मिमी कव्हर आणि किमान एम 30 ग्रेड (मजबुतीची प्रत) लागते. साइटवर मात्र सळईखाली खडी नाहीतर फरशीची कपची सरकवतात. वर माणसं चालली की ती निसटते आणि सळई थेट शटरिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर) बसते. स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी स्वतः वाकून बघा. सळईखाली काँक्रीटचेच कव्हर ब्लॉक (छोटे ठोकळे) तारेने बांधलेले हवेत. नसतील तर काम थांबवा, ठेकेदार कितीही घाई करो.

पीपीसी (फ्लाय अ‍ॅशसारखी पूड मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान 10 दिवस पाणी मारा. स्लॅबवर आळी करून, कॉलमला गोणपाट गुंडाळून. आणि माल सैल व्हावा म्हणून मिक्सरमध्ये जादा पाणी ओतू देऊ नका.

जुन्या घराची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे कौल. फुटलं की तेवढंच बदलायचं. नव्या घरातही हे जमतं: पाइप भिंतीत गाडू नका, माणूस शिरेल एवढ्या डक्टमधून न्या. पाइपचं आयुष्य भिंतीपेक्षा कमी असतं. गाडलेत तर दर वेळी बाथरूम फोडावं लागेल. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकेल, भिंतीकडे ओघळणार नाही.

तुमच्या ड्रॉइंगवर कव्हर किती लिहिलंय आणि प्लॉट समुद्रापासून किती दूर आहे, ते कळवा. त्यावरून पुढचं सांगतो.