मोकळा इलेक्ट्रॉन मोजून झाला, मग आयनातला कशाला?

प्रश्न थोडक्यात असा: एकट्या इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व इतकं अचूक मोजून झालंय, मग आयनातला इलेक्ट्रॉन मोजायची उठाठेव कशाला? आणि चुंबकीय क्षेत्र तरी तितकं अचूक कुणाला माहीत असतं?

दुसरा भाग आधी घेतो, खरी गंमत तिथेच आहे. क्षेत्र तितकं अचूक कुणालाच माहीत नसतं, आणि त्यावाचून अडतही नाही. इलेक्ट्रॉन हे चिमुकलं चुंबक. क्षेत्रात ठेवलं की त्याची फिरकी भोवऱ्यासारखी डुलते, आणि किती वेगानं डुलते हे क्षेत्र आणि जी-फॅक्टर (त्या चुंबकाचा जोर सांगणारा आकडा) या दोघांवर ठरतं. त्याच वेळी अख्खा आयनही पेनिंग सापळ्यात (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी कण अधांतरी धरून ठेवणारं यंत्र) चकरा मारत असतो, त्याही क्षेत्राच्याच जोरावर. दोन वारंवारतांचा भागाकार केला की क्षेत्र कटून जातं. पाच इलेक्ट्रॉन काढून घेतलेला कार्बन-12 पावणेचार टेस्लाच्या क्षेत्रात ठेवला, तर फिरकी सेकंदाला सुमारे 105 अब्ज वेळा डुलते आणि आयन सुमारे 2 कोटी 40 लाख चकरा मारतो. गुणोत्तर 4376 च्या आसपास. जी काढायला आता फक्त आयनाचा विद्युतभार आणि इलेक्ट्रॉन व आयन यांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर लागतं. भार तर पूर्णांकच, तिथे चूक व्हायला जागा नाही. म्हणजे आयन आपला चुंबकमापक बरोबर घेऊनच येतो. (सापळ्यातल्या विद्युतक्षेत्रामुळे ती चक्कर तीन गतींत विभागते, पण तिन्ही वारंवारतांच्या वर्गांची बेरीज केली की मूळ चकरेच्या वारंवारतेचा वर्ग मिळतो. सापळा थोडा तिरका बसला असला तरीही! ब्राउन आणि गेब्रिएल्स यांचं हे प्रमेय मला आजही थोडं जादूचं वाटतं.)

डुलण्याचा वेग मोजायला आयनावर मायक्रोवेव्ह सोडतात, त्यांची वारंवारता डुलण्याशी जुळली की फिरकी उलटते. पण ती उलटली हे कळतं कसं? ती थेट दिसत नाही. म्हणून शेजारी दुसरा सापळा असतो, त्यात लोहचुंबकी धातूची कडी. तिच्यामुळे तिथलं क्षेत्र मुद्दाम वाकडं केलेलं असतं. त्यात फिरकी वर असेल तर आयनाचं उभं हेलकावणं किंचित एका बाजूला सरकतं, खाली असेल तर दुसऱ्या. किंचित म्हणजे किती? कार्बनच्या प्रयोगात हेलकावे सेकंदाला साधारण 3 लाख 65 हजार, आणि फिरकी उलटल्यावर पडणारा फरक जेमतेम 0.7. तोही कळतो तो इलेक्ट्रोडमध्ये उमटणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहावरून. मग आयन परत सपाट क्षेत्राच्या सापळ्यात न्यायचा, मायक्रोवेव्ह सोडायच्या, पुन्हा कडीपाशी आणून फिरकी उलटली का ते बघायचं. हेच शेकडो वेळा, एकाच आयनावर. सापळा द्रव हेलियमच्या तापमानाला असतो, उरलासुरला वायू भिंतींवर गोठतो, म्हणून तो आयन महिनोन् महिने टिकतो.

आता ‘कशाला’. मोकळ्या इलेक्ट्रॉनचं ताजं मोजमाप 2023 चं, गेब्रिएल्स यांच्याच गटाचं: जी भागिले दोन बरोबर 1.00115965218059 (म्हणजे जी सुमारे 2.00232), अनिश्चितता दहा लाख कोटींत सव्वा भाग. पण तो इलेक्ट्रॉन मोकळा आहे. केंद्रकाला जखडलेल्या इलेक्ट्रॉनचा जी घसरतो, हे भौतिकशास्त्रज्ञ ब्राइटनं 1928 मध्येच दाखवलं होतं. कार्बनमध्ये तो 2.00104 होतो. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटानं 2023 मध्ये 49 इलेक्ट्रॉन काढलेल्या कथिल-118 वर मोजला, तर 1.910562059. तिथे त्या एकुलत्या एका इलेक्ट्रॉनला सेंटिमीटरमागे 10 चा 15 वा घात इतक्या व्होल्टचं क्षेत्र सोसावं लागतं. प्रयोगशाळेत असलं क्षेत्र उभं करायची सोय नाही, केंद्रक ते फुकटात देतं. क्वांटम विद्युतगतिकी (प्रकाश आणि भारित कण यांच्यातल्या देवाणघेवाणीचा सिद्धांत) एवढ्या जोरात टिकते का, ते तिथेच तपासता येतं. आतापर्यंत टिकली आहे. फक्त कथिलाच्या त्या 2023 च्या मोजमापावेळी सिद्धांताचा आकडा प्रयोगापेक्षा शेकडो पट ढिला होता. अवघड गणितं तेव्हा पुरी झालेली नव्हती.

उलटाही हिशोब करता येतो. कार्बनसाठी सिद्धांत पक्का धरला, तर त्याच समीकरणातून इलेक्ट्रॉनचं वस्तुमान बाहेर पडतं. 2014 मध्ये ते असंच आधीपेक्षा 13 पट अचूक काढलं गेलं.

आणि क्षेत्र कटतं म्हटलं तरी त्याची थरथर शेवटी आडवी येतेच. त्यावर 2022 मध्ये हायडेलबर्गमध्येच एक तोड काढली गेली. निऑन-20 आणि निऑन-22 चे एकेक-इलेक्ट्रॉनवाले आयन एकाच सापळ्यात एकमेकांभोवती फिरवले. दोघांना थरथर सारखीच जाणवते, त्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते. जी-फॅक्टरमधला फरक आला 13.475 अब्जांश, आणि तो बहुतेक सगळा केंद्रक इलेक्ट्रॉनमागे किती हलतं, एवढ्यावरून पडलेला. अनिश्चितता जीच्या तुलनेत दहा लाख कोटींत सहा भागांपेक्षाही कमी.