नेटहॅकमधल्या ‘आर्टिफॅक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. तिथली काही मुलं नेटहॅक या भुयारात घडणाऱ्या संगणकी खेळाची मराठी मार्गदर्शिका लिहीत आहेत, पुढेमागे ती अहिराणीतही करायची आहे. त्यांची अडचण अशी: ‘आर्टिफॅक्ट’ला कलाकृती लिहावं, दिव्यास्त्र लिहावं की सरळ जादूची वस्तू? आणि ‘अ‍ॅम्युलेट ऑफ येंडोर’ला येंडोरचा ताबीज म्हणावं की गंडा?

‘कलाकृती’ आधी बाद करू. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की हाच शब्द पुढे येतो आणि तलवारीचं चित्र होऊन बसतं. पुरातत्त्वातला आर्टिफॅक्ट म्हणजे माणसाच्या हाताने घडलेली कोणतीही जुनी वस्तू. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे किंवा गिरणाकाठी बहाळला उत्खननात निघालेलं खापर हाही आर्टिफॅक्टच. त्यासाठी ‘पुरावस्तू’ हा चांगला शब्द आहे, पण तो तिथेच राहू द्या. खापरं ढिगाने निघतात. नेटहॅकमधला आर्टिफॅक्ट मात्र एका डावात एकदाच निर्माण होतो, आणि त्याला स्वतःचं नाव असतं.

‘दिव्यास्त्र’ ऐकायला भारदस्त आहे, पण अपुरं. या यादीत एक्सकॅलिबर, म्योल्निर, स्टॉर्मब्रिंगर अशी हत्यारं आहेत, तसाच मर्लिनचा आरसा आहे, चोराची गुरुकिल्ली आहे, एक टोपी आहे, चक्क एक प्लॅटिनमचं क्रेडिट कार्डही आहे. त्या कार्डाला दिव्यास्त्र कोण म्हणेल? उलट ‘जादूची वस्तू’ फारच सैल आहे. खेळातल्या बहुतेक अंगठ्या, कांड्या, काढे, ताईत यांत जादू आहे, पण ‘आय ऑफ द इथिओपिका’ हा एक ताईत सोडला तर त्यांतलं काहीच आर्टिफॅक्ट नाही.

माझं मत ‘नामी वस्तू’ला. नामी म्हणजे नावाजलेली, आणि नामी म्हणजे नाव असलेली. खेळाचे नियमही नावाभोवतीच फिरतात. एल्व्हन डॅगर (एल्फांचा खंजीर) हाती आला आणि त्याला ‘स्टिंग’ हे नाव दिलं की तो त्या क्षणी नामी होतो. एल्व्हन ब्रॉडस्वोर्डला (एल्फांच्या रुंद तलवारीला) ‘ऑर्क्रिस्ट’ नाव दिलं की तसंच. साध्या लांब तलवारीला ‘एक्सकॅलिबर’ नाव द्यायला गेलात तर मात्र हात घसरतो आणि नाव भलतंच कोरलं जातं. एक्सकॅलिबर मिळवण्याची वाट वेगळी आहे. खेळाडूची पातळी किमान ५ लागते. लांब तलवार, तीही एकच, कारंज्यात बुडवायची. आवृत्ती ३.६मध्ये दर बुडवणीला सहांत एक शक्यता असते. खेळाडू लॉफुल, म्हणजे नियमनिष्ठ पंथाचा असेल तर तलवार एक्सकॅलिबर होते, तिचा गंज जातो आणि पुढेही चढत नाही. पंथ दुसरा असेल तर त्याच सहांत एकच्या वेळी थंड धुकं उठून तलवार शापित होते, कधी तिच्यावरच्या जादूचा एक अंकही उतरतो. दोन्ही प्रकारांत कारंजं नाहीसं होतं. मार्गदर्शिकेत पंथाची अट पहिल्याच वाक्यात लिहा. ती तळटीपेत टाकली तर वाचणारा तलवार गमावून बसेल.

नाव देताना अक्षरं रोमनच टाइप करावी लागतात, कारण खेळ ती आपल्या यादीशी ताडून बघतो. म्हणून मार्गदर्शिकेत ‘स्टिंग’चं ‘नांगी’ करू नका. नामी वस्तूंची नावं लिप्यंतरानेच द्या आणि पहिल्यांदा येतील तिथे स्पेलिंग शेजारी छापा.

नामी वस्तू आणि इतर वस्तू यांत भेद का पाळायचा, त्याचं उत्तर स्पर्शाच्या नियमात आहे. आपल्या पंथाशी न जुळणारी नामी वस्तू हातात घेतली की झटका बसू शकतो. साध्या नामी वस्तूचा झटका चार बाजूंच्या चार फाशांइतका, आणि एक्सकॅलिबर किंवा स्टॉर्मब्रिंगरसारख्या स्वतःची बुद्धी असलेल्या हत्याराचा दहा बाजूंच्या चार फाशांइतका. अंगात जादूरोधक गुण असेल तर फासे चारऐवजी दोन. तिसऱ्या-चौथ्या पातळीच्या खेळाडूला हा दुसरा झटका प्राणावर बेततो. ‘नामी वस्तू जपून उचला’ हे वाक्य तुमच्या पुस्तिकेत दहा ठिकाणी येईल. तो शब्द अंगठ्यांनाही लावलात तर वाचणारा अंगठ्या उचलायलाही घाबरेल.

आता गंमत अशी की ज्या येंडोरच्या ताइतासाठी सगळा खटाटोप, तोच नामी वस्तूंच्या यादीत नाही. तो ताईत, उघडणीची घंटा (बेल ऑफ ओपनिंग), सात मेणबत्त्यांचं दीपपात्र आणि मृतांची पोथी या चार वस्तू खेळाच्या रचनेत वेगळ्या ‘एकमेव’ गटात मोडतात. त्यांचा झटका बसत नाही. घंटा, दीपपात्र आणि पोथी घेऊन भुयाराच्या तळाशी थरथरणाऱ्या चौकटीवर विधी करायचा, मग मोलोख या देवाच्या महापुजाऱ्याकडून ताईत मिळवायचा. तेव्हा या चारांना ‘एकमेव वस्तू’ म्हणा, नामी म्हणू नका.

ताईत की ताबीज? ताबीज चूक नाही, पण तो हिंदीच्या अंगाने आलेला शब्द आहे. ‘ताईत’ खानदेशातल्या कुठल्याही घरात कळतो. शिवाय ताईत म्हणजे धातूची छोटी पेटी, तिच्या आत मंत्र. ती गळ्यात किंवा दंडात बांधतात, आणि खेळातली वस्तूही गळ्यातच जाते. गंडा म्हणजे मंतरलेला, गाठी मारलेला दोरा. सातपुड्यातला भगत बांधतो तो. त्याला आकार नसतो, आणि आकाराशिवाय नेटहॅकमधला ताईत ओळखताच येत नाही. दुसरं असं की ‘येंडोरचा गंडा’ वाचून कुणालाही वाटेल की येंडोरने कुणाला तरी गंडवलं. खेळात तसे प्लॅस्टिकचे नकली ताईत आहेतही, त्यांना तो शब्द शोभेल. पण तो मोह आवरा. ओळख पटेपर्यंत खरा आणि नकली ताईत सामानाच्या यादीत एकाच नावाने दिसतात. तुम्ही नकलीला आधीच वेगळं नाव दिलंत तर खेळाचं गुपित पुस्तिकेतच फुटेल. दोघांनाही ‘येंडोरचा ताईत’ लिहा, आणि नकलीची गोष्ट वेगळ्या परिच्छेदात सांगा.

आकारांकडे नीट लक्ष द्या, कारण भाषांतर सगळ्यात जास्त इथेच फसतं. ३.६मध्ये साधे ताईत नऊ प्रकारचे आणि आकारही नऊ. कोणता आकार कोणत्या गुणाचा हे प्रत्येक डावात पिसलं जातं. दुकानात या सगळ्यांची मूळ किंमत १५० झॉर्कमिड (खेळातलं नाणं), म्हणून भावावरूनही ओळख लागत नाही. हाताशी उरतो फक्त आकार. इंग्रजीत ‘सर्क्युलर’ आणि ‘स्फेरिकल’ वेगळे आहेत. मराठीत दोन्हींना ‘गोल’ लिहिलंत तर जीवदानाचा आणि गळफासाचा ताईत एकाच नावाखाली जाऊ शकतो. गळफासाचा ताईत सहा चालींत मारतो. शापित नसेल तर लगेच काढता येतो. शापित असेल तर प्रार्थना वाचवू शकते, तीही नुकतीच एकदा केलेली नसेल तर. म्हणून सर्क्युलर म्हणजे वर्तुळाकार, स्फेरिकल म्हणजे गोळीसारखा, ओव्हल म्हणजे लंबगोल, स्क्वेअर म्हणजे चौरस, कॉनकेव्ह म्हणजे खोलगट असे शब्द एकदा ठरवा आणि मग बदलू नका. त्रिकोणी, षट्कोनी, अष्टकोनी यांना अडचण नाही. पिरॅमिडलला ‘पिरॅमिडी’ म्हणा, ‘निमुळता’ नको.

क्रियापदांतही असाच गोंधळ होतो. मराठीत सदरा, अंगठी, ताईत सगळं आपण ‘घालतो’. खेळात चिलखताला मोठा डब्ल्यू दाबायचा असतो, ताईत-अंगठीला मोठा पी, आणि हत्यार हातात घ्यायला लहान डब्ल्यू. चिलखत ‘चढवा’, ताईत ‘घाला’, हत्यार ‘हाती धरा’ असं ठेवलंत तर कळ कोणती हे क्रियापदावरूनच कळेल. येंडोरचा ताईत मात्र गळ्यात घालावा लागत नाही. तो नुसता सामानात असला तरी मंत्रांना जास्त शक्ती लागते आणि वर चढताना एक अदृश्य ताकद मागे ओढते.

शुद्धलेखनाचं एवढंच: शब्द पुल्लिंगी, तो ताईत. प्रत्यय लागला की ई ऱ्हस्व होते, म्हणून ताइताला, ताइताचा, ताइतांची. ‘ताईताला’ असं छापलेलं दिसतं, ते टाळा.

‘येंडोर’ हे रॉडनी नावाचं रोमन स्पेलिंग उलटं वाचून झालेलं आहे, आणि खेळातला जादूगार रॉडनीच. देवनागरीत ती गंमत दिसत नाही, एका ओळीत सांगून मोकळे व्हा. १९८०च्या ‘रोग’ (Rogue) या मूळ खेळातही हाच ताईत होता, सव्विसाव्या मजल्यावर.

अँगबँड या दुसऱ्या भुयारी खेळाचीही पुस्तिका करायची म्हणता, तर तिथेही ‘नामी वस्तू’ चालेल, पण त्या खेळात ‘इगो आयटम’ हा आणखी एक प्रकार आहे. त्याला ‘वाण’ सुचवतो. केळीच्या बागेत ‘श्रीमंती’ या केळीची हजार खोडं असली तरी वाण एकच, तसा एकाच गुणाच्या तलवारी त्या खेळात कितीही सापडतात. ‘वाणाची तलवार’ म्हटलं की ती नामी नाही हे रावेर-यावलच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय बदलेल, ‘ताईत’ तसाच राहील: ‘हाऊ येंडोरना ताईत शे.’ पुढे स्त्रीलिंगी घंटा आली की ‘-नी’ लागेल, तेवढं सगळीकडे तपासून घ्या.