‘आधी थोडी बारीक होते, मग जाईन’

‘भाचीने माझ्या नावाचा पास काढलाय. आपल्या नाशिकमध्येच दोन दिवसांचं फिटनेस कन्व्हेन्शन आहे, व्यायामाचे वर्ग आणि स्टॉल असलेला मेळावा. तिथे सगळे फिट लोक येणार आणि मी तर कधी जिमची पायरी चढलेली नाही. नाही म्हटलं तर पोरीला वाईट वाटेल, हो म्हटल्यापासून माझी झोप उडालीये. या वर्षी घरीच थोडी बारीक होते, पुढच्या वर्षी जाऊ, असं सांगू का तिला?’

सातपूरला एका कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या, पंचेचाळिशीच्या एका ताईंचा हा प्रश्न. त्यांच्या संमतीनेच इथे मांडतो आहोत आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. असा प्रश्न घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

‘पुढच्या वर्षी’ हा शब्द आम्ही पकडून ठेवला. किती वर्षं म्हणताय असं? जरा थांबून ताई म्हणाल्या, ‘धाकटा झाला तेव्हापासून. बारावीला आहे आता तो.’ नकार दिला की छातीवरचं ओझं त्याच क्षणी उतरतं. मग मन त्या सुटकेलाच औषध समजतं आणि पुढच्या वेळी तेच औषध मागतं. बारीक होणं ही जाण्याची अट राहते, आणि जाणं होत नाही म्हणून अटही पुरी होत नाही.

भाचीने धीर द्यायला नाशिकच्याच डॉ. महाजन बंधूंचं उदाहरण दिलं होतं. २०१५ मध्ये दोघांनी मिळून अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ सायकलवर पूर्ण केली. उदाहरण अभिमानाचंच आहे, पण नवख्या माणसाला त्याने बळ येईलच असं नाही. ताईंच्या मनात उमटलं ते एवढंच : इथे असली माणसं असतात आणि मी जिना चढले तरी धापा टाकते. घरच्यांनी अशा वेळी मोठं उदाहरण देऊ नये. सोबत किती वाजता निघायचं ते ठरवावं.

‘भीती वाटते’ एवढ्यावर काम करता येत नाही. भीतीचं चित्र नेमकं हवं. डोळ्यांसमोर काय येतं ते एकेक करून सांगा आणि त्याची भीती किती, याला शून्य ते शंभर आकडा द्या, असं सांगितलं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळच्या गर्दीत चालणं ३०. जिममध्ये जाऊन फी विचारणं ४५. मेळाव्यात स्टॉल बघत फिरणं ५५. समूहवर्गात उभं राहून व्यायाम करणं ८०. आणि शरीरातली चरबी मोजणाऱ्या यंत्रावर लोकांसमोर उभं राहणं ९०. खरा डंख व्यायामाचा नव्हताच. कुणीतरी आकडा मोठ्याने वाचून दाखवेल, त्याचा होता.

‘सगळे बघतील’ याबद्दल एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सांगता आलं साधारण चौथ्या हिश्श्याला. कुणीच बघत नाही, असं आम्ही ताईंना सांगितलं नाही, कारण ते खरं नाही. थोडे बघतात, आणि लगेच स्वतःच्या पायांकडे वळतात.

तयारीला तीन आठवडे हातात होते. ताईंना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि उजवा गुडघा कुरकुरत होता, म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे व्यायाम करतानाही नाडीचा वेग फारसा वाढत नाही. अशा वेळी मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नये, बोलण्याची कसोटी वापरावी : चालताना वाक्य पूर्ण बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग मध्यम. पहिल्या आठवड्यात आठवड्यातून चार दिवस १५ मिनिटं, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात २५. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. तो आकडा सुरुवातीलाच अंगावर घ्यायचा नसतो.

वर्गाची भीती ८० होती, म्हणून वर्गाचे तुकडे केले. सोप्या एरोबिक्सच्या वर्गात पायांचे चार प्रकार पुन्हापुन्हा येतात : जागच्या जागी मार्च, बाजूला पाऊल टाकून दुसरं टेकवणं, मागून पाय ओलांडत चार पावलं बाजूला जाणं, आणि गुडघा उचलणं. भाचीसोबत हॉलमध्ये रोज दहा मिनिटं हेच चार. उडी आली तर तिथे मार्च, गुडघ्यासाठी. चुकलं तर काय करायचं, हे आधी ठरवलं : थांबायचं नाही, जागच्या जागी मार्च करत राहायचं आणि पुढच्या आठच्या मोजणीला पुन्हा मिसळायचं. या वर्गांचं संगीत बहुधा ३२ ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेलं असतं. मिनिटाला १२८ ठोक्यांचा वेग धरला तर असा तुकडा १५ सेकंदांत संपतो. ताईंना हा हिशेब फार आवडला. चूक झाली तरी तिचं आयुष्य जास्तीत जास्त १५ सेकंद!

उभं कुठे राहायचं, हेही महत्त्वाचं. लाजणारी माणसं शेवटची रांग धरतात आणि तिथेच फसतात. ट्रेनर मध्येच सगळ्यांना मागे वळायला सांगतो आणि शेवटची रांग पहिली होते. म्हणून मधल्या रांगेत, कडेला, आणि स्पीकरपासून लांब. तिथून ट्रेनरचे पाय दिसतात, आणि पाणी प्यायला बाहेर पडायचं झालं तर कुणाला ओलांडावं लागत नाही. नजर स्वतःच्या पोटावरून हटावी म्हणून एक कामही दिलं : आपल्याशिवाय आणखी किती जणांचं पाऊल चुकतं, ते मोजायचं.

कपड्यांवर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बाजूला चीर असलेला सैल कुर्ता आणि लेगिंग चालतं, ओढणी मात्र घरी ठेवायची, पायात येते. आत मापाची स्पोर्ट्स ब्रा, कारण अनेक बायका हालचाल टाळतात ती याच अवघडलेपणामुळे. बूट रोजचेच. नवे कोरे बूट पहिल्या दिवशी टाच सोलतात. दीड-दोन तास आधी वाटीभर पोहे, सोबत पाण्याची बाटली.

सगळ्यात जास्त भांडलो ते निघण्याच्या वेळेवरून. ‘घाबरले तर लगेच निघेन,’ ताई म्हणाल्या. आम्ही म्हटलं, ताई, निघायला पूर्ण मोकळीक आहे, पण ती घड्याळाने ठरवू या. साडेनऊला आत, सव्वाअकराला बाहेर. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा दम वेगळाच वाटला, तर त्याच क्षणी थांबून तिथल्या माणसांना सांगायचं. तो नियम वेगळा. नुसतं धडधडलं तर बाजूला उभं राहायचं, पण हॉलमध्येच. भीती टोकाला असताना माणूस पळाला, तर पळाल्यामुळेच वाचलो असं मनाला वाटतं. थांबला, तर ती आपोआप उतरताना त्याला दिसते.

पहिला दिवस फसला. नोंदणीच्या टेबलावर टी-शर्ट वाटत होते. ताईंच्या मापाचा नव्हता, आणि तिथल्या मुलाने ‘एक्स्ट्रा लार्ज संपले का रे?’ असं पलीकडच्याला ओरडून विचारलं. ताई स्वच्छतागृहात गेल्या, वीस मिनिटं आतच थांबल्या आणि रिक्षाने घरी आल्या. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, ‘बघा, मी म्हणत होते ना.’ वर्गाची तयारी झाली होती, दाराची राहिली होती. आमच्या आराखड्यातली ती त्रुटी होती आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवसासाठी दोनच बदल केले. टी-शर्ट घ्यायचाच नाही, ‘मी माझ्या कपड्यांत करणार आहे’ हे वाक्य पाठ. आणि भाचीने दारातून थेट वर्गाच्या जागी न्यायचं, मग भाचीने स्वतः वेगळ्या रांगेत जायचं. ती चिकटून राहिली असती तर सगळं श्रेय मनाने तिलाच दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताना ताईंच्या भीतीचा आकडा ८५ होता, आधी सांगितलेल्या ८० पेक्षा जास्त. विसाव्या मिनिटाला ५०. चाळिसाव्या मिनिटाला ३०. पाऊल चुकणारे त्यांनी अकरापर्यंत मोजले आणि मग मोजायचं राहून गेलं. शेवटी एकदम थांबून खाली बसू नका, दोन-तीन मिनिटं हळू मार्च करा, असं सांगून ठेवलं होतं. पायांत उतरलेलं रक्त वर यायला वेळ मिळतो, नाहीतर गरगरतं.

स्टॉलवर ‘आजच भरलंत तर वर्षाची फी निम्मी’ झालंच. त्यावर उत्तर ठरलेलं होतं : एका महिन्याची फी किती आणि एक वर्ग करून बघता येईल का? त्या दिवशी एक पैसा भरायचा नाही, प्रोटीन पावडरही घ्यायची नाही.

चरबी मोजणाऱ्या यंत्रावर ताई चढल्या नाहीत. हे टाळणं आहे का, असं त्यांनीच विचारलं. नुकतंच खाल्लं-प्यायलं असेल, घाम गेला असेल, तर शरीरातलं पाणी बदलतं आणि या यंत्रांचा अंदाजही हलतो, त्यामुळे त्या दिवशी न मोजणं शहाणपणाचंच होतं. पण खरी कसोटी वेगळी आहे. हॉल रिकामा असता तर चढला असता का? ‘चढले असते,’ त्या म्हणाल्या. म्हणजे थोडं टाळणंही आहे.

ज्यांची ही भीती लग्नकार्यं, नोकरी, नातेवाईक यांच्यापर्यंत पसरली आहे, किंवा जे वजनापायी उपाशी राहतात, खाल्लेलं ओकून काढतात, त्यांनी एवढ्या तयारीवर थांबू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

तिसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि मांड्या इतक्या दुखल्या की काही मोडलं की काय, असं विचारायला ताईंचा फोन आला. नव्या व्यायामानंतरचं असं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असतं आणि मग ओसरतं, हलकं चालत राहायचं. गुडघा सुजला असता तर गोष्ट वेगळी होती. आता वर्गाच्या भीतीचा आकडा ३५ वर आहे, लोकांसमोर यंत्रावर किंवा वजनकाट्यावर चढण्याचा अजून ९०. पुढच्या भेटीत काटा खोलीत आणून ठेवायचा आहे, फक्त ठेवायचा. चढायचं कधी, ते ताई सांगतील.