वाचकांचे प्रश्न : गच्चीवर ४० आणि ८० मीटरची अँटेना

प्रश्न : ४० बाय ६० फुटांच्या प्लॉटवर आमचा एकमजली बंगला आहे. गच्ची ३० बाय ४० फूट, जमिनीपासून ७ मीटर उंच, मधोमध जिन्याची खोली. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) महाराष्ट्रातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ मंडळींशी रोज बोलायचं आहे, जमलं तर ८० मीटर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) बँडही हवा. व्हर्टिकल (उभी अँटेना) लावू की डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची तार)?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : डायपोलच, इन्व्हर्टेड व्ही पद्धतीने, म्हणजे मधला भाग खांबावर उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरत्या. तुम्हाला कोल्हापूर, नाशिक, नागपूर हवं आहे. एवढ्या पल्ल्यासाठी लहरी चढ्या कोनात वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) परत याव्या लागतात, आणि कमी उंचीवरचा डायपोल नेमकं हेच करतो. व्हर्टिकल क्षितिजाकडे फेकते, थेट डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. ती युरोप-जपानसाठी चांगली. शिवाय तिला १० मीटरच्या डझनभर तरी रेडियल (बुंध्यापासून चहूकडे पसरणाऱ्या) तारा अंथराव्या लागतात, आणि आजूबाजूच्या घरांचा विजेचा गोंगाटही ती जास्त उचलते.

दीड इंची जीआय पाइप ६ मीटर लांबीत मिळतो. तो गच्चीवर उभा करून जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन क्लॅम्पने आवळा. माथा जमिनीपासून १३ मीटरवर जाईल. डायपोलच्या तारा दोन बाजूंना ताण देतील, उरलेल्या दोन बाजूंना दोर बांधा. पाइप कोसळला तरी विजेच्या तारांपर्यंत पोचणार नाही, हे आधी मोजून घ्या. पोचत असेल तर जागा बदला, यात तडजोड नको.

७.१ मेगाहर्ट्‌झसाठी हिशेब असा: १४३ भागिले ७.१ म्हणजे २०.१ मीटर, प्रत्येक बाजूला १० मीटर. घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड वायर चालते, पण पीव्हीसीच्या आवरणामुळे लांबी दोन-तीन टक्क्यांनी कमी लागते. तरी १०.३ मीटर कापूनच सुरुवात करा. दोन्ही टोकांची ५-५ सेंटिमीटर कमी केली की रेझोनन्स (अँटेना जिथे जुळते ती फ्रिक्वेन्सी) साधारण ३५ किलोहर्ट्‌झ वर सरकतो.

आता खरी अडचण. तार माथ्यावरून सरळ कंपाउंडच्या कोपऱ्याकडे उतरवली, तर ती कठड्यावर आदळेल. म्हणून गच्चीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, कठड्याच्या वर २ मीटर येतील असे पीव्हीसी पाइप उभे करा. माथ्यापासून तिथवर सुमारे ८ मीटर तार संपते. उरलेली पाइपावरून बाहेर काढून दोराने कंपाउंडच्या कोपऱ्याकडे ओढा. टोकांजवळ विद्युतप्रवाह कमी असतो, त्यामुळे तिथे तार वाकली तरी फारसं बिघडत नाही. व्होल्टेज मात्र तिथेच सर्वांत जास्त. म्हणून कोपऱ्यावर लोखंडी पाइप नको, आणि गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याचा हात तारेपर्यंत पोचता कामा नये.

फीड पॉइंटला, म्हणजे तार आणि केबल जुळतात तिथे, चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी) हवाच: एफटी-२४०-३१ फेराइट रिंगवर आरजी-५८ कोएक्स केबलचे १२ वेढे. तो नसेल तर केबलची बाहेरची धातूची जाळीही अँटेना बनते आणि घरातला सगळा गोंगाट रेडिओत आणते.

८० मीटरसाठी पूर्ण ४० मीटर तार तुमच्या प्लॉटवर सरळ बसणार नाही. प्रत्येक १० मीटरच्या टोकाला एक कॉइल लावा: ५० मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर १ मिलिमीटर एनॅमल तारेचे शेजारी-शेजारी ६५ वेढे, सुमारे ११५ मायक्रोहेन्री. कॉइलच्या पुढे २.३ मीटरचं शेपूट. आधी ४० मीटर जुळवा, मग ८०. इथे शेपटं फार नाजूक असतात. दोन्हीकडे ५ सेंटिमीटर कापलं की ४० किलोहर्ट्‌झ उडी, म्हणून शेवटी दोन-दोन सेंटिमीटरच कापा. वापरायोग्य पट्टा जेमतेम ४०–५० किलोहर्ट्‌झ मिळेल, तेव्हा ३.५ ते ३.७ मेगाहर्ट्झमधला नेमका कोणता भाग हवा ते आधी ठरवा. आणि ८० मीटरवर दुपारी शांतता असेल तर अँटेनाला दोष देऊ नका. दिवसा आयनोस्फिअरचा डी थर या लहरी शोषून घेतो, बँड सूर्यास्तानंतर उघडतो.

प्रश्न : ४० मीटरवर दिवसभर एस-८ गोंगाट असतो (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर ८). क्लिप-ऑन फेराइट (वायरवर चिमट्यासारखा बसणारा, गोंगाट अडवणारा तुकडा) लावून फरक पडला नाही.
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : रिग (रेडिओ संच) १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. एस-मीटर पडला तर दोषी घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत जा. सहसा एलईडी ड्रायव्हर, चार्जर किंवा वाय-फायचा अडॅप्टर निघतो. इन्व्हर्टर मेन बंद केल्यावरही चालूच राहतो, तो वेगळा बंद करा. गोंगाट सूर्यास्ताला थांबत असेल तर सोलर इन्व्हर्टर तपासा, तो शेजाऱ्यांचाही असू शकतो. क्लिपमधून वायर एकदाच जाते, ७ मेगाहर्ट्‌झला तेवढ्याने काही होत नाही. फेराइटचा अडसर वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्या उपकरणाची वायर ३१ नंबरच्या मोठ्या रिंगवर १० वेळा गुंडाळा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परतणाऱ्या लहरीचं माप, १ म्हणजे उत्तम) १.८ वरून १.२ झाला, पण समोरच्यांकडून सिग्नलचे रिपोर्ट कमी येतात. असं कसं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : केबलमध्ये पाणी शिरलं असण्याची दाट शक्यता आहे. ओली केबल जाताना शक्ती खाते आणि परतणारी लहरही खाते, म्हणून मीटर खूश दिसतो. केबल अँटेनापासून सोडवा, ते टोक उघडं ठेवा आणि रिगच्या बाजूने नॅनोव्हीएनए या छोट्या मापनयंत्राने ७ मेगाहर्ट्‌झला मोजा. ट्रान्समिट करून मोजू नका. उघड्या टोकावरून सगळी लहर परतते, म्हणून २५ मीटर चांगल्या आरजी-५८ वर एसडब्ल्यूआर ८ च्या पुढे दिसायला हवा. ३ दिसला तर निम्मी शक्ती केबलमध्येच जाते आहे. वाळवून ती सुधारत नाही, कारण जाळी काळी पडलेली असते. नवी केबल टाका, वरच्या कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा, तिच्यावर इन्सुलेशन टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.