जुन्नरचा ‘हिवाळा’ मॉस्कोला नेताना

चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा गोषवारा मिळाला आणि तो मी दोनदा वाचला. ‘भारत-रशिया सांस्कृतिक संबंध : अफनासी निकितिनपासून आजपर्यंत’ हे, पंधराव्या शतकात आपल्याकडे आलेल्या रशियन व्यापाऱ्याचे नाव मिरवणारे शीर्षक एखाद्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर शोभून दिसेल, पण मॉस्कोत तरुण स्लाव्ह-अभ्यासकांपुढे तू हा निबंध वाचलास, तर ते सभ्यपणे ऐकून घेतील आणि एकही प्रश्न विचारणार नाहीत. परिषदेत याहून मोठी शिक्षा नसते. म्हणून हा लांबट पत्रप्रपंच.

तू जिथे जाऊ इच्छितेस ती परिषद काय आहे, हे आधी नीट ध्यानात घे. रशियन विज्ञान अकादमीची स्लाव्ह अध्ययन संस्था १९४७ पासून मॉस्कोत काम करते आहे. ही संस्था दरवर्षी मे महिन्यात ‘स्लाव्ह जग : एकत्व आणि वैविध्य’ या नावाने तरुण संशोधकांची परिषद भरवते. मेचाच महिना असतो, कारण २४ मे हा सिरिल आणि मेथोडियस या बंधूंच्या स्मरणाचा, म्हणजेच स्लाव्ह लिपी आणि संस्कृतीचा दिवस मानला जातो, इ.स. ८६३ मध्ये मोराव्हियाकडे (आजच्या चेक भूमीकडे) निघालेल्या या दोघा भावांपासून स्लाव्ह लेखनाची गोष्ट सुरू होते. इतिहास, भाषा, साहित्य आणि संस्कृती अशा विभागांत तिथे निबंध वाचले जातात. तुझ्या शेजारी बसलेली मुलगी बल्गेरियन बोलीतील क्रियापदांवर बोलेल, त्यापलीकडचा मुलगा सर्बियातील एखाद्या दप्तरखान्यातून आलेला असेल. आपल्याकडे स्लाव्ह म्हटले की रशियन एवढेच डोळ्यांपुढे येते; तिथे रशियन ही अनेक भावंडांपैकी एक असते, ही गोष्ट पहिल्याच सकाळी तुझ्या लक्षात येईल.

आता ‘तेझिसी’विषयी. हा शब्द ऐकून तुला प्रबंध आठवला असेल, पण रशियन परंपरेत तेझिसी म्हणजे परिषदेआधी पाठवायचा काही पानांचा मजकूर. त्यात प्रश्न, सामग्री, युक्तिवाद आणि निष्कर्ष हे सगळे आलेले असते आणि तो संग्रहरूपाने छापला जातो. ‘या निबंधात अमुक गोष्टींचा ऊहापोह केला जाईल’ असे भविष्यकाळी वाक्य तिथे चालत नाही. ऊहापोह करूनच मजकूर पाठवायचा असतो. तुझ्या गोषवाऱ्यात अशी सात वाक्ये आहेत, मी त्यांखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे.

आणि तरीही त्याच गोषवाऱ्याच्या तिसऱ्या पानावर, तळटिपेत, तू एक हिरा टाकून दिला आहेस. निकितिन जुन्नरला अडकून पडला तेव्हाचे वर्णन देताना तू लिहिले आहेस की, ‘येथे लेखकाने पावसाळ्याला चुकून हिवाळा म्हटले आहे.’ तुझा निबंध इथे आहे. बाकीची पाने बाजूला ठेव.

रशियातल्या त्वेर शहराच्या या व्यापाऱ्याने चौलला उतरून जुन्नर, बीदर असा प्रवास केला आणि परतताना दाभोळहून जहाज धरले, हे तुला ठाऊक आहेच. जुन्नरविषयी तो आपल्या प्रवासवर्णनात सांगतो की त्रोइत्साच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या दिवसापासून त्यांच्याकडे ‘झिमा’ लागली, आम्ही तिथे दोन महिने काढले, चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल होता, आणि त्याच दिवसांत हे लोक नांगरतात व गहू, ‘तुतुरगान’, ‘नोगूत’ पेरतात. ‘झिमा’ म्हणजे हिवाळा, यात वाद नाही. पण रात्रंदिवस पाणी आणि चिखल पाहणारा, थंडीचा अवाक्षरानेही उल्लेख न करणारा माणूस असल्या ऋतूला हिवाळा म्हणतो, तेव्हा तो चुकतो आहे की त्या शब्दाचा दुसरा एखादा पैलू वापरतो आहे? रस्ते बंद होतात, व्यापारी मुक्काम ठोकतो, जहाजे सुटत नाहीत, या अर्थाने त्वेरचा हिवाळा आणि जुन्नरचा पावसाळा सारखेच आहेत. निकितिनने ‘हिवाळा काढणे’ हे क्रियापदही याच प्रसंगी वापरले आहे. ‘चुकून’ हा शब्द खोडून त्या जागी प्रश्नचिन्ह घाल, म्हणजे तुझ्या हाती संशोधनाचा विषय येईल.

या ठिकाणी तू जुन्नर तालुक्यातली असण्याचा उपयोग आहे, आणि तो खरा उपयोग आहे. गहू आणि हरभरा ही आपल्याकडची रब्बीची पिके. आषाढात ती कोण पेरील? तुतुरगान हा तुर्की भाषांतला भाताचा शब्द, म्हणजे नाणेघाटाकडच्या पट्ट्यात ते जुळते. नोगूत म्हणजे फारसी-तुर्कीतला ‘नोखुद’, हरभरा. रशियन भाषांतरात मात्र तिथे वाटाणा येतो. मग त्याने काय पाहिले, काय ऐकले आणि कोणत्या बाजारभाषेतून ऐकले? उत्तर तुझ्याकडे आज नसेल, पण हा प्रश्न जुन्नरच्या शिवारात वाढलेल्या माणसाला सुचतो. लेनिनग्राडच्या ग्रंथालयात बसलेल्या विद्वानाला तो सुचला नाही तर दोष त्याचा नाही. वडिलांना विचार, पण त्यांचे उत्तर पुरावा म्हणून नव्हे तर दिशा म्हणून घे. पंधराव्या शतकातील पीकपद्धती आजच्यासारखीच होती, हे तुला वेगळे सिद्ध करावे लागेल.

मूळ मजकूर वाचल्याशिवाय मात्र एक ओळही लिहू नकोस. तू आधुनिक रशियन भाषांतरावरून काम केलेले दिसते. लूर्ये आणि सेम्योनोव्ह यांनी संपादित केलेली १९८६ ची लेनिनग्राडची आवृत्ती मिळव; तिच्यात हस्तलिखित प्रतींच्या तीन परंपरा वेगवेगळ्या छापल्या आहेत. ‘झिमा’ आणि पिकांची नावे तिन्हींत कशी येतात, याचा एक तक्ता कर. तिथे तुला हमखास विचारला जाणारा प्रश्न ‘तुमच्या स्रोतांचा पाया काय?’ हाच असतो, आणि त्याला तो तक्ता हेच उत्तर आहे.

एक मोह आधीच सांगून ठेवतो. प्रवासाची पारंपरिक तारीख १४६६ ते १४७२ अशी दिली जाते. सेम्योनोव्ह यांनी ती १४६८ ते १४७४ अशी पुढे सरकवली, म्हणजे जुन्नरचा पावसाळा १४६९ चा की १४७१ चा, असा वाद आहे. त्रोइत्सा हा ईस्टर धरून पन्नासावा दिवस. जुन्या पंचांगाने तो १४६९ साली २१ मेला आणि १४७१ साली २ जूनला येतो. आजच्या पंचांगात मांडायचे तर ३० मे आणि ११ जून. मृगाचा पाऊस जुन्नरला केव्हा येतो हे तुला मी सांगायला नको, आणि हे गणित मांडताना तुझे डोळे चमकतील हेही मला दिसते आहे. माझेही चमकले होते. पण पाऊस दरवर्षी पंचांग पाहून येत नाही आणि एका वाक्यावर कालनिर्णय उभा राहत नाही. ही आकडेमोड वहीत ठेव, कोणी विचारले तरच काढ.

दुसरा मोह आपल्या लोकांचा जुनाच आहे. ‘झिमा’ आणि संस्कृत ‘हिम’, ‘हेमंत’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत, ही व्युत्पत्ती खरी आहे. पण समोर बसलेल्या प्रत्येकाने ती पहिल्या वर्षीच शिकलेली असते आणि निकितिनच्या वाक्याला तिचा काडीइतका उपयोग नाही. संस्कृत आणि रशियन यांच्या नात्यावर भारतीय पाहुण्याने दोन वाक्ये बोलावीत, अशी अपेक्षा कदाचित चहाच्या वेळी असेल. तिथे बोल.

विभाग निवडताना साहित्याऐवजी भाषेचा निवड. निकिता तोलस्तोय यांनी याच संस्थेत जो भाषा-लोकजीवन अभ्यास रुजवला, त्यात शेतीचे दिवस, पाऊस, सणांच्या तारखा आणि त्यांचे शब्द हे सारे एकत्र पाहिले जाते. बेलारूस-युक्रेन सीमेवरच्या पोलेस्ये प्रदेशातील खेड्यांतून गोळा केलेल्या सामग्रीवर तिथले कितीतरी काम उभे आहे. एखादा ऋतू कोणत्या सणापासून ‘लागतो’, हा तुझा प्रश्न त्या मंडळींना आपल्या घरातला वाटेल, आणि ते तुला अशा तीन गोष्टी सांगतील ज्या मला माहीत नाहीत.

बोलण्याविषयी थोडेसे. रशियनमधूनच बोल, तुझे उच्चार चुकले तर लोक सांभाळून घेतील, इंग्रजीत बोललीस तर निम्मी खोली गमावशील. वेळ सहसा पंधरा मिनिटांच्या आसपास असतो, परिपत्रकात पाहून घे. परदेशातल्या माझ्या पहिल्या परिषदेत मी बावीस पानांचा निबंध घेऊन उभा राहिलो होतो. अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवले तेव्हा मी आठव्या पानावर होतो आणि माझा मुद्दा एकोणिसाव्या पानावर होता. तो मुद्दा त्या सभागृहात आजवर कोणी ऐकलेला नाही. तू तक्ता कागदावर छापून सगळ्यांना वाट, पहिल्या मिनिटाला वाक्य वाच, दुसऱ्या मिनिटाला प्रश्न सांग. ज्येष्ठांना नाव आणि पितृनाम घेऊन संबोधतात. सत्राआधी यादी पाहून ती पाठ करून ठेव.

व्हिसासाठी यजमान संस्थेचे निमंत्रणपत्र लागेल आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ते मागण्यात संकोच नको.

तिसरे पान या पत्रासोबत परत पाठवत आहे. तळटीप वर घेऊन तिच्यापासून नवा मजकूर सुरू कर, तक्ता आधी कर, आणि रविवारी येताना ‘चुकून’ या शब्दाच्या जागी काय लिहिलेस ते दाखव.

तुझा,
सर