आईची कंबर रात्रीही दुखतेय? मग नुसत्या तेलावर थांबू नका

मस्कतहून एका ताईंनी विचारलंय. आई गोव्यात डिचोलीला भाऊ-वहिनीकडे असते, वय 68, चतुर्थीपासून कंबर धरलीय ती शिगमो आला तरी सुटलेली नाही. हाडं झिजलीत म्हणून तेल झालं, मलम झालं, पेनकिलर झाल्या, मध्ये कुणीतरी इंजेक्शन पण दिलं. एक्सरेत खास काही नाही म्हणे. पण व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात, जेवण कमी झालंय आणि संध्याकाळी अंग कोमट लागतं असं वहिनी सांगते.

ताई, ही झिजेची कंबर वाटत नाही मला. झिजेचं दुखणं बहुतेक वेळा आडवं पडलं की उतरतं, हे रात्री झोपेतून उठवतंय, वजन घटतंय, बारीक ताप येतोय, अशा वेळी मणक्याचा टीबी आहे का हे बघायलाच हवं. खोकला नाही मग टीबी कसा, असं घरचे म्हणतील, पण मणक्याच्या टीबीत खोकला नसतो कित्येकदा, छातीचा एक्सरेही साफ येऊ शकतो. आणि मणक्याच्या साध्या एक्सरेत सुरुवातीला काही दिसतच नाही, हाड बरंच खाल्लं गेल्यावर दिसतं. डायबेटिस असेल तर शंका आणखी वाढते. अर्थात टीबीच असेल असं नाही, ठिसूळ झालेला मणका दबलेला असू शकतो, कॅन्सर हाडात उतरलेला असू शकतो, पण या सगळ्याचा छडा एमआरआयनेच लागायला सुरुवात होते, तेव्हा तो आधी करून घ्या.

तोवर कॉलवर एक गोष्ट बघा. आईच्या हातून चमचा किंवा रुमाल खाली पडला तर ती कशी उचलते? कंबरेतून वाकते, की पाठ ताठ ठेवून मांडीला हात टेकत गुडघ्यांवर खाली बसते आणि तशीच उठते? दुसरं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्या भागातले मणके ती हलू देत नाहीये. मुद्दाम वाकायला मात्र लावू नका. मालीश आणि पाठ मोडून घेणं तर आजपासून बंद.

एमआरआयमध्ये टीबीसारखं दिसलं की घरात वाद होतो तो बायोप्सीवरून, म्हणजे तपासणीसाठी मणक्यातला तुकडा काढण्यावरून, मणक्यात सुई नको, सरळ गोळ्या चालू करा म्हणतात. शक्य असेल तिथे बायोप्सी टाळू नका असं माझं ठाम मत आहे. सीटीवर बघून सुई घालतात, जागा बधिर करून. आणि भावाला आधीच विचारून ठेवायला सांगा की सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या द्रावात, तर जाणार नाही ना, कारण त्यातून मग कल्चर, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, होत नाही, आणि नेहमीच्या औषधांना जंतू दाद देतो की नाही हे कल्चर आणि जीनएक्सपर्ट या जंतूच्या जनुकांच्या तपासणीवरूनच कळतं. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवायचं तर जुनी फाइल, सीडी, चालू गोळ्यांची पट्टी सगळं बरोबर द्या. टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे रक्त पातळ करणाऱ्या आणि शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो.

औषधं सरकारकडून फुकट मिळतात, निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली की आहारासाठी महिन्याला 1000 रुपये या हिशोबाने पैसे बँकेत येतात, 2024 च्या नोव्हेंबरआधी ते 500 होते. पहिले 2 महिने चार औषधं, पुढे 10 महिने तीन, कधी कधी 18 महिन्यांपर्यंतही न्यावं लागतं. लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात किंवा नजर धूसर झाली तर लगेच डॉक्टर. पाय जड पडले, चालताना लटपटायला लागली, लघवीचा ताबा सुटला तर मात्र तुमच्या फोनचीही वाट न बघता 108 बोलवायची, तिथे एकेक तास मोलाचा असतो.

खरी कसोटी तीन-चार महिन्यांनी लागते. दुखणं गेलेलं असतं, आई पुन्हा पेज ढवळायला उभी राहते आणि म्हणते, बाय, पुरे आता त्या गोळ्या. भाऊ समोर असतो, त्याचं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. रोज गोळीच्या वेळेलाच कॉल लावा, गिळलेली दिसेपर्यंत गप्पा मारा.

वहिनीला हेही सांगा की फुप्फुसात टीबी नसेल तर हा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळं करायचं नाही, नातवंडांना लांब ठेवायचं नाही. फुप्फुसात आहे का ते छातीचा एक्सरे काढून डॉक्टरच सांगतील.

आणि रजा एकदाच मिळणार असेल तर मुलांच्या सुट्टीसाठी राखून ठेवू नका. एमआरआय, बायोप्सी आणि गोळ्या सुरू होण्याच्या दिवसांत या, निर्णय तेव्हाच घ्यायचे असतात आणि भाऊ एकटा पडतो.